मधल्या खोक्यास

प्रिय प्रीॲम्प,



खरेदीच्या यादीत तुझं नाव शेवटी येतं, बऱ्याचदा येतच नाही. टर्नटेबल ठरतं, स्पीकर ठरतात, ओळखीतून एखादा जुना, पण ठणठणीत पॉवर ॲम्प्लिफायर मिळतो. सगळं घरी येतं, टर्नटेबलच्या दोन वायरी थेट पॉवर ॲम्पच्या पाठीत खोचल्या जातात आणि गाणं पलीकडच्या खोलीत लागल्यासारखं ऐकू येतं. आवाज बारीक, पत्र्यासारखा, खर्जाचा पत्ता नाही. मग मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन ‘मध्ये लावायचं काहीतरी द्या’ असं सांगितलं जातं. त्या ‘काहीतरी’वर पुढची दहा-वीस वर्षं घरातलं गाणं अवलंबून राहणार असतं.

पत्र तुला लिहितो आहे, पण उघडं ठेवतो आहे. तुझी निवड करायला निघालेल्यांनी ते वाचावं अशी इच्छा आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की तुझी पारख तुझ्या किमतीवरून आणि तुझ्या चकचकीत दर्शनी भागावरून होऊ नये. तुझ्या एका बाजूला कार्ट्रिज (म्हणजे टर्नटेबलच्या सुईचा भाग), दुसऱ्या बाजूला पॉवर ॲम्प आणि कपाटात त्या घरातल्या रेकॉर्ड्स. या तिघांना तू जुळतोस का, एवढंच पाहावं.

तुझं काम काय हे आधी बोलू, कारण आवाज वाढवणं हा त्या कामाचा अर्धाच भाग. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमधून तुझ्या दारात येतात ते चार-पाच मिलिव्होल्ट. पॉवर ॲम्पला पूर्ण ताकदीनं वाजायला साधारण एक व्होल्ट लागतो, कुणाला अर्धा, कुणाला दीड-दोन. ही दरी तू भरतोस. पण रेकॉर्डवर गाणं जसंच्या तसं कोरलेलं नसतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. खर्ज पूर्ण ताकदीनं कोरला तर खाच इतकी रुंद लहरते की एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं बसणारच नाहीत; वरचे सूर आहेत तसे कोरले तर ते प्लॅस्टिकच्या खरखरीत बुडून जातात. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर उचलतात. १९४८ साली एलपी आली तेव्हा प्रत्येक कंपनीचं हे दाबण्या-उचलण्याचं प्रमाण वेगवेगळं होतं. १९५४ साली अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेनं, म्हणजे आरआयएएनं, एकच प्रमाण ठरवलं आणि पुढे जगभर तेच रूढ झालं. ऐकताना तू त्याच्या बरोबर उलटं करतोस: २० हर्ट्झला नऊपटीच्या वर उचलतोस, २० हजार हर्ट्झला तेवढंच खाली आणतोस. तू नसलास तर कोरलेलं उघडंवाघडं ऐकू येतं. पत्र्यासारखा आवाज तो हाच.

हे काम दिसतं सोपं, पण त्यात अचूकपणा लागतो. ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद अशा तीन कालांकांवर तुझं सगळं गणित उभं आहे, आणि ते गाठायला लागणारे रेझिस्टर-कपॅसिटर एकमेकांच्या हिशेबात लुडबुड करतात. स्टॅन्ली लिपशिट्झ यांनी १९७९ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात याची सूत्रं नीट मांडली. आज एक टक्का अचूकतेचे सुटे भाग सहज मिळतात. त्यामुळे माफक किमतीचं नीट आखलेलं यंत्र या बाबतीत महागड्या यंत्राच्या मागे राहण्याचं कारण उरलेलं नाही. तुझ्या माहितीपत्रकात आरआयएए वक्रापासूनचा फरक किती ते छापलेलं असतं. अर्ध्या डेसिबलच्या आत असेल आणि डावा-उजवा चॅनल एकमेकांशी जुळत असेल, तर त्या कारणासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

‘आजोबांच्या वेळी असलं काही लागत नव्हतं’ असं वडीलधारी माणसं म्हणतात, आणि त्यांचं बरोबर असतं. एचएमव्हीची फिएस्टा, फिलिप्सचे पेटीवजा रेकॉर्ड प्लेअर यांच्यात क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. ते शेकड्यांनी मिलिव्होल्ट देतं, शिवाय ते सुईच्या वेगाऐवजी तिच्या सरकण्याला दाद देत असल्यानं कोरतानाचा बदल बऱ्यापैकी आपोआपच भरून निघतो. त्याची किंमत रेकॉर्डला मोजावी लागायची. ती जड सुई पाच-सहा ग्रॅमनं, कधी त्याहून जास्त भारानं खाचेवर बसायची. आजचं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आसपास बसतं. हलकी सुई आली तसा बारीक संकेत आला, आणि तुझी गरज निर्माण झाली.

आता कार्ट्रिजकडे वळतो. माझ्या मते तुझ्या निवडीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. तू कार्ट्रिजपुढे ४७ किलोओहमचा रोध ठेवतोस. मूव्हिंग मॅग्नेटसाठी हा आकडा जवळजवळ सगळीकडे तोच, त्यामुळे तिथे वाद नाही. घोळ होतो तो कपॅसिटन्सचा. ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई हे कार्ट्रिज घे, आपल्याकडेही पुष्कळ घरांत ते वाजतं. त्याला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड हवेत असं कंपनी सांगते. ऑर्टोफॉनच्या टू-एम रेडला १५० ते ३०० चालतात. हा जो एकूण आकडा आहे त्यात टोनआर्मच्या आतली तार, टर्नटेबलची बाहेरची वायर आणि तुझ्या पोटातला कपॅसिटर हे तिन्ही धरायचे. तार आणि वायर मिळून दीडशे झाले आणि तुझ्या आत आणखी दोनशेवीस बसवलेले असले, तर गणित चारशेच्या जवळ जातं.

त्यानं काय होतं ते आकड्यात सांगतो. एटी-व्हीएम९५ईच्या वेटोळ्याचा इंडक्टन्स साडेपाचशे मिलिहेन्री आहे. दोनशे पिकोफॅरडशी त्याचा अनुनाद पंधरा हजार हर्ट्झच्या आसपास होतो, ऐकण्यातल्या बहुतेक सुरांच्या वर. चारशेला तोच अकरा हजारांच्या खाली उतरतो. नऊ-दहा हजारांपाशी एक उंचवटा तयार होतो आणि त्याच्या पलीकडचे सूर झपाट्यानं गळतात. अभंगातले टाळ बोचायला लागतात, गायिकेच्या ‘स’ आणि ‘श’ला धार चढते, आणि ऐकणारा म्हणतो की रेकॉर्ड खराब आहे नाहीतर सुई गेली. सुई नवीकोरी असते.

मी हे ऐकतो ते तंबोऱ्यावर. किशोरी आमोणकरांच्या भूपाची एलपी लाव आणि गळ्याकडे लक्ष न देता मागच्या तंबोऱ्याकडे कान लाव. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यातून स्वरांचा जो पिसारा सतत उघडत राहतो, तो तुझ्या खाली दडलेल्या इवल्याशा स्विचनं बदलतो. पेनच्या टोकानं सरकवायचा स्विच तो, १०० वरून ३३०वर नेला की पिसाऱ्याच्या वरच्या कडा जाड होतात आणि आतली बारीक झिळमिळ मावळते. तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवल्यावर तंबोरा उघडतो किंवा मिटतो, तसाच हा प्रकार. म्हणून ज्या प्रीॲम्पमध्ये कपॅसिटन्स बदलता येतो, किंवा तो मुळातच शंभराच्या आत आहे आणि तसं माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं आहे, तो मी पसंत करतो. हा आकडा जो निर्माता छापतच नाही त्याच्या मालाला मी हात लावत नाही.

दुसऱ्या बाजूला पॉवर ॲम्प. त्याच्यावर आवाज कमी-जास्त करायचं बटण नसतं, चार साधनांतून एक निवडायची सोय नसते. म्हणून ‘प्रीॲम्प’ या नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात, हे घेणाऱ्यानं आधी ओळखावं. एक, फक्त फोनो स्टेज: रेकॉर्डचा संकेत सुधारून वाढवते, पण तिच्यावर व्हॉल्यूम नसतो. दुसरा, लाइन प्रीॲम्प: त्यावर व्हॉल्यूम असतो, पण फोनोची जागा असेलच असं नाही. पॉवर ॲम्पला दोन्ही कामं हवीत. फोनो स्टेज थेट पॉवर ॲम्पला लावली तर सुई टेकताक्षणी सगळा आवाज एकदम अंगावर येतो, स्पीकरही जाऊ शकतात. ज्या टर्नटेबलच्या पोटातच फोनो स्टेज आहे, उदाहरणार्थ एटी-एलपी६०एक्स, त्यालाही हे लागू आहे. त्याच्या मागचा स्विच ‘लाइन’वर ठेवून ती वायर पुन्हा कुणाच्या फोनोच्या भोकात घातली तर खर्ज दोनदा उचलला जातो आणि नुसता घुमारा उरतो.

मग गेन किती असावा? हिशेब करून बघू. कार्ट्रिज चार मिलिव्होल्ट देतं, तू चाळीस डेसिबल म्हणजे शंभर पट वाढवतोस, झाले ०.४ व्होल्ट. पॉवर ॲम्पचा गेन बहुधा २६ डेसिबलच्या आसपास, वीस पट. म्हणजे स्पीकरच्या टोकाला आठ व्होल्ट, आठ ओहमला आठ वॅट. हा मोजमापाच्या ठरावीक पातळीचा आकडा आहे. गाण्यातले उंच क्षण याच्या तीन-चार पट जातात. घरातल्या बैठकीच्या खोलीला हे भरपूर झालं. क्वाड ४०५ सारख्या ॲम्पला तर अर्ध्या व्होल्टात शंभर वॅट देता येतात. त्यामुळे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज, चाळीस डेसिबलची फोनो स्टेज आणि तिच्यापुढे एक चांगला दहा किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट डबीत बसवलेला, एवढ्यावर काम भागतं. मात्र पॉवर ॲम्पपर्यंतची वायर मीटर-दीड मीटरच्या पुढे नेऊ नये, आणि दहा किलोओहमचा भार तुला झेपायला हवा. पॉट शंभर किलोओहमचा घेतला आणि वायर पाच मीटर ओढली तर वरचे सूर पुन्हा वाटेत गळतील. टर्नटेबलखेरीज रेडिओ, सीडी, फोन असं सगळं जोडायचं असेल तर या खटाटोपात न पडता फोनो इनपुट असलेला पूर्ण प्रीॲम्पच घ्यावा.

डेनॉन डीएल-१०३ सारखं मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज असेल तर गोष्ट बदलते. १९६२ साली जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी घडवलेलं हे कार्ट्रिज जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट देतं. त्याला साठ डेसिबल आणि शंभर ओहमच्या आसपासचा भार लागतो. चाळीसवर लावलं तर व्हॉल्यूम टोकाला नेऊनही गाणं दबलेलंच राहतं, वर हिस्स ऐकू येते. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी साठ डेसिबलसाठी पैसे घालू नयेत.

तुझ्यावर नेहमी येणारी तक्रार म्हणजे घुमघुम. त्यात तुझा दोष असतो तो फार थोडा. ५० हर्ट्झला तू मधल्या सुरांच्या मानानं सतरा डेसिबल, म्हणजे सातपट जास्त वाढवतोस. आणि आपल्या घरातली वीज नेमकी ५० हर्ट्झची आहे. तुझ्या पाठीवर लाल-पांढऱ्या सॉकेटांच्या शेजारी एक छोटा गोल स्क्रू असतो, आणि टर्नटेबलच्या वायरींसोबत एक बारीक तार येते, टोकाला यू आकाराची पट्टी असलेली. ती तार त्या स्क्रूखाली घट्ट बसली पाहिजे. ती लोंबकळत राहिल्यामुळे दुरुस्तीला गेलेली यंत्रं पुष्कळ आहेत. दुसरी गोष्ट जागेची. पॉवर ॲम्पच्या पोटात मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्या डोक्यावर तुला ठेवू नये. तू टर्नटेबलजवळ असावंस, ॲम्प हातभर तरी लांब. ज्या प्रीॲम्पचा वीजपुरवठा वेगळ्या डबीत असतो तो या बाबतीत उजवा. आणि भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थिंगमध्येच दम नसेल तर वायरमनला बोलवावं, नवा प्रीॲम्प आणून उपयोग नाही.

आता जे बोलतो ते तुझ्याशी कमी आणि तुला घडवणाऱ्यांशी जास्त. आपल्याकडच्या घरात कुठल्या रेकॉर्ड्स असतात? साठच्या दशकातल्या भावगीतांच्या, नाट्यगीतांच्या ईपी, त्यातल्या बऱ्याचशा मोनो. जड सुयांनी वर्षानुवर्षं दळलेल्या. माळ्यावर उन्हाळे काढून लाटा आलेल्या एलपी. रद्दीवाल्याकडून वाचवलेली, चरे पडलेली कव्हराविना तबकडी. अशा संग्रहाला तुझ्यात तीन गोष्टी हव्यात, आणि नेमक्या त्याच तीन गोष्टी हल्लीच्या देखण्या, ‘शुद्ध’ म्हणवणाऱ्या प्रीॲम्पमधून गायब झाल्या आहेत.

पहिली, मोनोचं बटण. मोनो रेकॉर्डमध्ये गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं. स्टिरिओ कार्ट्रिज उभी हालचालही उचलतं, आणि त्या उभ्या हालचालीत गाणं नसतं. धूळ, झीज, तबकडीची लाट एवढंच असतं. दोन चॅनल एकत्र केले की उभ्या हालचालीचे दोन्ही भाग एकमेकांना खोडतात आणि खरखर एकदम मागे सरते. मधोमध गाणं स्वच्छ उभं राहतं. हे बटण बसवायला काही रुपयांचा स्विच लागतो. जुन्या मोनो नाट्यगीताच्या ईपीवर ते एकदा दाबून ऐकलेला माणूस त्याशिवायचा प्रीॲम्प घेणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी, सबसॉनिक फिल्टर. लाट आलेली एलपी मिनिटाला तेहतीस फेरे घेत सुईला सेकंदात एकदा-दोनदा, कधी चार-पाचदा वर-खाली नेते. ते ऐकू येत नाही, पण तू ते इमानानं वाढवून पुढे पाठवतोस आणि स्पीकरचे पडदे पुढे-मागे हेलकावत राहतात. ॲम्पची ताकद त्यातच जाते आणि गाणं गढूळ होतं. वीस हर्ट्झच्या खाली कापणारा फिल्टर हे थांबवतो. त्यानं खर्ज जातो असं सांगणारे भेटतात. आपल्या संगीतापुरतं तरी ते खरं नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यातला खर्जाचा षड्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, बायकांच्या पट्टीत तो शंभराच्याही वर जातो, आणि डग्ग्याचा घुमाराही वीस हर्ट्झपासून खूप वर असतो. वीसच्या खाली आपल्या मैफलीतलं काहीच नाही.

तिसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही: हेडरूम. सुई चऱ्यावरून जाते तेव्हा एक तीक्ष्ण ठिणगी तुझ्या दारात येते, गाण्याच्या कितीतरी पट मोठी. तुझ्यात जागा असेल तर ती टिक करून निघून जाते. जागा नसेल तर तू क्षणभर भांबावतोस आणि टिकेची टक्क होते, मागचा सूरही थोडा खाल्ला जातो. माहितीपत्रकात इनपुट ओव्हरलोडचा आकडा असतो. मूव्हिंग मॅग्नेटसाठी हजार हर्ट्झला शंभर मिलिव्होल्टच्या आसपास असला तर निर्धास्त राहावं. जुन्या रेकॉर्ड्सच्या घरात मी जास्त गेनपेक्षा जास्त हेडरूम केव्हाही घेईन.

इंग्लंडमधल्या क्वाड कंपनीनं १९६७ साली ३०३ हा पॉवर ॲम्प काढला आणि त्याच्या जोडीला ३३ हा प्रीॲम्प. त्या ३३च्या पाठीत डिस्कसाठी एक छोटं कार्ड होतं; ते काढून वेगळ्या बाजूनं बसवलं की वेगळ्या कार्ट्रिजला जुळायचं. पुढच्या बाजूला पाच, सात आणि दहा हजार हर्ट्झचे फिल्टर होते, त्यांचा उतारही कमी-जास्त करता यायचा. झिजलेली रेकॉर्ड कशी ऐकण्याजोगी करायची याचा विचार त्या माणसांनी केला होता. पुढे बटणं म्हणजे भेसळ असा समज पसरला आणि यंत्राच्या तोंडावर एकच गोल मूठ उरली. नव्या, स्वच्छ, जाड रेकॉर्ड्स ऐकणाऱ्याला ते चालेल. आपल्याकडच्या संग्रहाला चालत नाही.

व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर या वादात मी शिरत नाही. दोन्हींत उत्तम यंत्रं झाली आहेत. व्हॉल्व्हचा प्रीॲम्प घेणाऱ्यानं फक्त एवढं पाहावं की नळ्या बदलायला आपल्या गावात कुणी आहे का. जुना घेणाऱ्यानं आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घ्यायचा खर्च आधीच धरावा.

७८च्या तबकड्यांबद्दल दोन शब्द. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व यांच्या तबकड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना आरआयएए लागूच होत नाही. त्या सगळ्या त्याच्या आधीच्या. १९२५च्या आधीच्या तर भोंग्यासमोर गाऊन थेट कोरलेल्या, त्यांत विजेचं दाबणं-उचलणं नाहीच. अशा तबकड्या असणाऱ्यांनी जिचा वक्र बदलता येतो अशी फोनो स्टेज शोधावी आणि त्यासोबत ७८ची रुंद सुई, सुमारे पासष्ट मायक्रॉनची. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी नुसती घसरत राहते.

निवड करणाऱ्यांना शेवटी एवढंच सांगतो: दुकानात जाण्याआधी कार्ट्रिजच्या कागदावरून तीन गोष्टी उतरवून घ्या, किती मिलिव्होल्ट, किती पिकोफॅरड, मूव्हिंग मॅग्नेट की कॉइल, आणि पॉवर ॲम्पच्या कागदावरून दोन, किती व्होल्टात पूर्ण वाजतो आणि त्याचा इनपुट रोध किती. कपाटातल्या मोनो रेकॉर्ड्सवर एकदा नजर टाका. मग विचारा, मोनोचं बटण आहे का, सबसॉनिक आहे का, ओव्हरलोड किती. दुकानदाराला उत्तर येत नसेल तर माहितीपत्रक मागा. घरी आल्यावर आधी प्रीॲम्प चालू करा, तो अर्धा मिनिट स्थिरावू द्या, मग पॉवर ॲम्प. बंद करताना आधी पॉवर ॲम्प. हा क्रम चुकला तर स्पीकरला धक्का बसतो.

आणि प्रीॲम्प, तुला घडवणाऱ्यांपर्यंत माझी मागणी पोचव: पुढच्या वेळी यंत्राच्या तोंडावर मोनोचं बटण परत द्या. त्यासाठी चार पैसे जास्त मोजायला आम्ही तयार आहोत.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक श्रोता